पाचवी ते आठवीच्या वर्गाशी सूर जुळवताना: शाळेचे पहिले तीन आठवडे, क्रमाने

जुलै उजाडला की स्टाफरूममध्ये तेच ऐकू येतं: "पहिल्या आठवड्यात किती गोड होती, आता बघा कशी डोक्यावर बसलीत!" जरा खोदून विचारलं की कळतं, पहिल्या दिवशी गाणी झाली, गप्पा झाल्या, दुसऱ्या आठवड्यात गलका वाढला आणि तिसऱ्यात टेबलावर पट्टी आपटली गेली. दुसऱ्या टोकाचेही शिक्षक असतात. ते पहिल्याच तासाला "माझ्या वर्गात आवाज चालत नाही" असं बजावतात आणि दिवाळीपर्यंत त्यांना कोणी काही सांगायला येत नाही.

दोघांचीही चूक क्रमाची आहे. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना पहिल्याच दिवशी शिक्षक मित्र म्हणून नको असतो. या बाई काल होत्या तशाच उद्या असतील का, हे त्यांना आधी पाहायचं असतं. म्हणून आधी नाव, मग रोजची घडी, मग एकेकाशी बोलणं. थट्टामस्करी त्यानंतर, आणि तीही मुलांनी सुरू केली तर.

मी पुण्यात पेठेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात 48 मुलं धरून पुढचे आकडे दिले आहेत. तुमचा पट वेगळा असेल तर त्या हिशेबाने बदला.

टप्पा 1: शाळा उघडण्याआधीचे एक-दोन दिवस

आपल्याकडे शाळा साधारण 15 जूनच्या सुमारास उघडतात आणि शिक्षक त्याआधी एक-दोन दिवस येतात. ते दिवस फळ्यावर रंगीत खडूने "सुस्वागतम्" लिहिण्यात जातात. सजावट राहिली तरी चालेल, पुढची चार कामं राहू देऊ नका.

पहिलं काम हजेरीपटाचं. पटावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. तुम्ही वेगळी यादी करा: फक्त मुलांची पहिली नावं, मोठ्या अक्षरात. मोठ्याने दोनदा वाचा. जिथे अडखळाल तिथे खूण करा. पुण्यातल्या वर्गात आता कानडी, राजस्थानी, बिहारी, नेपाळी घरांतली मुलं असतात आणि त्यांच्या नावांचे उच्चार आपण बिनदिक्कत मराठी करून टाकतो. एकाच नावाची तीन मुलं असतील तर त्यांना काय हाक मारायची हे त्यांनाच विचारायचं, तुम्ही "मोठा" आणि "बारका" ठरवायचं नाही.

दुसरं, मागच्या वर्गशिक्षकांना गाठा आणि तीनच गोष्टी विचारा: कोणाला दमा, फिट किंवा ऐकण्या-दिसण्याचा त्रास आहे, कोणाच्या घरी कोणाशी बोलायचं (आई, आजी, काका), आणि या वर्षी कोण नवीन येतंय.

*सावध:* "वांड कोण आहे?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर लगेच मिळतं, आणि मग त्या चार मुलांकडे तुम्ही पहिल्या तासापासून वेगळ्या नजरेने बघता. ती नजर मुलांना पाठ असते.

तिसरं, वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसा. फळा दिसतो का? पंखा फिरतो का? कोणत्या खिडकीतून पाणी आत येतं? गळक्या खिडकीखाली कोणालाही बसवायचं नाही, हे आधीच ठरलेलं बरं.

चौथं काम कोणाच्या मनात येत नाही. गॅलरीत रेनकोटसाठी दोरी बांधा आणि छत्र्यांसाठी एक बादली ठेवा. जूनमध्ये 48 ओले रेनकोट बाकांवर, दप्तरांवर, जमिनीवर पसरतात. मग ढकलाढकली, मग "बाई, याने माझी वही भिजवली", आणि तुमचा पहिला आठवडा न्यायनिवाड्यात जातो. दहा रुपयांच्या दोरीने हे वाचतं.

टप्पा 2: पहिला दिवस

क्रम असा ठेवा.

1. घंटेच्या पाच मिनिटं आधी दारात उभे राहा. खुर्चीत बसून वाट बघू नका. आत येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारा, ते एकदा उच्चारून दाखवा, बरोबर आहे का म्हणून विचारा.
2. बसण्याची जागा आज त्यांना निवडू द्या. कोण कोणाजवळ बसतं आणि कोण एकटं उरतं, हे कागदावर टिपा. हा नकाशा पुन्हा मिळत नाही.
3. फळ्यावर काम आधीच लिहिलेलं असू द्या: कागदाची घडी घालून बाकावर उभी राहील अशी नावाची पाटी करायची, दोन्ही बाजूंनी नाव लिहायचं. मागच्या बाजूला लिहायला लावा, कारण तुम्ही वर्गभर फिरणार आहात.
4. मग हजेरी. फक्त पहिल्या नावाने.
5. दोन मिनिटांत स्वतःची ओळख. किती वर्षं शिकवते, काय शिकवते, आणि एक साधी गोष्ट, उदाहरणार्थ "मला सकाळी चहा नाही मिळाला तर अकरापर्यंत माझ्याशी जपून बोला." पदव्या नकोत.
6. एक छोटी चिठ्ठी भरून घ्या (खाली दिली आहे).
7. शेवटची पंधरा मिनिटं खरोखर काहीतरी शिकवा.

सातवा मुद्दा गाळू नका. "आज पहिला दिवस, आज अभ्यास नाही" हे ऐकून मुलं खूश होतात, पण घरी "आज काय केलं?" या प्रश्नावर "काही नाही" एवढंच सांगतात. मी पावसाचं माप घेते. दोन लिटरच्या सरळ बाजूंच्या बाटलीचा वरचा भाग कापायचा, तो उलटा करून फनेलसारखा बसवायचा. तळ सपाट नसतो म्हणून खाली खडे घालून त्यांच्या वर येईल इतकं पाणी ओतायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. वर पट्टी चिकटवायची. मैदानात, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, विटांच्या आधाराने बाटली उभी करायची. रोज सकाळी दोघांनी जाऊन मिलिमीटर वाचायचे, पाणी पुन्हा शून्यावर आणायचं आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. वर्तमानपत्रात शिवाजीनगर वेधशाळेचा, म्हणजे आपल्या शिमला ऑफिसचा, आकडा येतो. तो शेजारी लिहिला की आकडे जुळत नाहीत आणि कात्रजची मुलं "आमच्याकडे याच्या दुप्पट पडला" म्हणून भांडायला उठतात. बाटली विज्ञानाची असली तरी तिची खरी कमाई अशी की पहिल्याच आठवड्यात तुमच्यात आणि वर्गात रोज बोलायला एक तिसरी गोष्ट येते, कोणाच्या घरातली नाही, कोणाच्या मार्कांची नाही. भाषेच्या शिक्षकांनी रोज एक नवा शब्द घ्यावा, गणिताच्यांनी वर्गातल्या वस्तू मोजाव्यात. काम रोजचं आणि सगळ्यांचं हवं.

आता चिठ्ठी. प्रश्न पाचच:

- तुला काय हाक मारलेली आवडते? कोणती हाक आवडत नाही?
- शाळेत येताना कसा येतेस/येतोस, किती वेळ लागतो?
- कोणता विषय सोपा वाटतो, कोणत्यात अडतं?
- तुला येणारी अशी एक गोष्ट, जी शाळेत कोणाला माहीत नाही.
- तुला मला काही सांगायचं आहे का? (रिकामं सोडलं तरी चालेल.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार उपयोगी पडतं. जो मुलगा पीएमपीच्या दोन बस बदलून येतो त्याचं उशिरा येणं आणि गल्लीतून चालत येणाऱ्याचं उशिरा येणं एकाच मापाने मोजता येत नाही.

*सावध: हे प्रश्न वर्गात विचारू नका.*

"सुट्टीत कुठे गेला होतात?" विचारलं की एकजण मनाली सांगतो, आणि सुट्टीभर काकांच्या टपरीवर बसलेला मुलगा खाली बघतो.

"वडील काय करतात?" हा फॉर्ममधला रकाना आहे, फॉर्ममधूनच वाचा.

"आडनाव काय तुझं?" आपल्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारला जातो हे सातवीतल्या मुलांनाही कळतं. याच जातीतलं दुसरं पाप म्हणजे शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचून "या मुलांनी उभं राहा" म्हणणं. अर्ज, दाखले, बँकेचं खातं, जे काही लागेल ते चिठ्ठीत लिहून घरी पाठवा. महिनाभर जोडलेलं अशा एका तासात तुटतं.

आणि ती "एकेकाने उभं राहून ओळख करून द्या" पद्धतही सोडून द्या. 48 मुलं, प्रत्येकी 40 सेकंद, म्हणजे 32 मिनिटं. पहिले पाच ऐकले जातात, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत घाम पुसत बसतात.

टप्पा 3: पहिला आठवडा, नावं आणि घडी

शुक्रवारपर्यंत सगळी नावं पाठ हवीत. नावाच्या पाट्या रोज तासाच्या शेवटी गोळा करा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वाटा. चुकाल, मुलं हसतील, हसू द्या. चौथ्या दिवशी पाट्यांशिवाय वाटता येतात.

नियम तीनच सांगा. माझे असे: एक बोलत असताना बाकीचे ऐकतात; कोणाच्या शरीराला, घराला, भाषेला नाव ठेवायचं नाही; अडलं तर विचारायचं, नक्कल करायची नाही. बारा नियमांचा तक्ता भिंतीवर शोभतो, पण तुम्हालाही तो पाठ नसतो.

खरी मेहनत नियमांपेक्षा घडीवर घ्या. वह्या कशा द्यायच्या, उशीर झाला तर कुठून आत यायचं, पाणी प्यायला कधी जायचं, बाई वर्गात नसताना पाच मिनिटं काय करायचं, हे सगळं एकदा करून दाखवायचं आणि दोनदा करून घ्यायचं. आठवीच्या मुलांकडूनही. "एवढे मोठे झालात, सांगायला हवं का?" असं म्हणू नका. सांगायला हवं, गेल्या वर्षीच्या सरांची पद्धत वेगळी होती.

उशिराची घडी माझ्या वर्गात अशी आहे: मागच्या दाराने या, बसा, वही काढा. कारण मधल्या सुट्टीत. दारात उभं करून उलटतपासणी केली की त्याची पाच मिनिटं गेलेलीच असतात, आता सगळ्यांची जातात. पालख्या शहरात येतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेतले रस्ते बंद होतात आणि निम्मा वर्ग अर्ध्या तासाने येतो. तिथीप्रमाणे हे कधी जूनमध्ये, कधी जुलैत होतं. तेव्हा उशिरा आलेल्यांना "माउली, या" म्हटलं की काम होतं.

*सावध: स्वच्छतागृहाची परवानगी.* "आत्ताच का? मधल्या सुट्टीत काय करत होतीस?" हा प्रश्न कायमचा बंद करा. या वयात मुलींची पाळी सुरू होते, आणि पहिल्यांदा ती भर वर्गातही येऊ शकते. पॅड कुठे ठेवलेत आणि कोणत्या बाईंकडे मिळतात हे पहिल्याच आठवड्यात सगळ्या मुलींना माहीत हवं. वर्गशिक्षक सर असतील तर त्यांनी एखाद्या बाईंना बोलावून हे सांगून घ्यावं, आणि हात वर झाला की न विचारता मान हलवावी.

पडताळणी, पहिला शुक्रवार: घरी बसून, यादी न बघता, वर्गातली सगळी नावं लिहून काढा. दंगेखोर पटकन आठवतील, हुशार आठवतील. जी सात-आठ आठवणार नाहीत, ती मधल्या बाकांवरची, कोणालाच त्रास न देणारी मुलं. ती यादी पुढच्या टप्प्यात सगळ्यात वर ठेवा.

टप्पा 4: दुसरा आणि तिसरा आठवडा, एकेकाशी दोन मिनिटं

रोज पाच मुलं. दहा दिवसांत वर्ग संपतो. वहीत खूण करत जा, नाहीतर तुम्ही त्याच बोलक्या दहाजणांशी बोलत राहता आणि "माझं मुलांशी छान जमतं" असं वाटत राहतं.

जागा उघडी हवी: गॅलरी, जिना, डबा खायची वेळ. टेबलाशी बोलावलं की मुलाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

काय बोलायचं? प्रश्नाने सुरुवात केली तर या वयाची मुलं "काही नाही", "माहीत नाही", "ठीक" यापलीकडे जात नाहीत. त्याऐवजी तुम्ही जे पाहिलं ते सांगा.

"तू वहीच्या मागे ढोल काढलायस. त्याचा दोर बरोबर जमलाय."

"हां बाई... मी पथकात बघायला जातो. दादा वाजवतो."

"दोर आवळतात कसे? मला कधी कळलं नाही."

एवढं पुरतं. तो सांगेल, तुम्ही ऐका, घंटा होईल. दुसऱ्या दिवशी ढोलाची आठवण काढायची गरज नाही. आठवड्याने काढा, म्हणजे तुमच्या लक्षात राहिलं हे त्याला कळतं.

कौतुक वर्गासमोर करताना जपा. चौथीतल्या मुलाला टाळ्या आवडतात. सातवीतल्याला टाळ्या वाजल्या की मधल्या सुट्टीत मित्र "बाईंचा लाडका" म्हणून हैराण करतात. वहीत पेन्सिलीने एक ओळ लिहा आणि नेमकं लिहा: "आकृतीतल्या बाणांची दिशा तू स्वतः शोधलीस, हे कळलं." "छान!" आणि "उत्तम!" त्यांनी पहिलीपासून पाहिलंय.

हाका मारतानाही जपा. "बाळा", "सोन्या" हे आठवीतल्या मुलाला लाज आणतं. नाव घ्या. आणि तुम्ही त्यांची भाषा उसनी घेऊ नका. शिक्षकांच्या तोंडून "भाई" ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर जी कणव दिसते ती मी एकदा पाहिली आहे, माझ्याच बाबतीत.

टप्पा 5: पहिला खटका

दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी तुम्हाला जोखतोच. उलट उत्तर येतं, शिट्टी वाजते, तुमच्या आवाजाची नक्कल होते. अख्खा वर्ग त्या मुलाकडे नाही, तुमच्याकडे बघत असतो.

1. आवाज खाली आणा. वर नेलात तर पुढच्या वेळी त्याहून वर न्यावा लागतो.
2. चालत त्याच्याजवळ जा. लांबून बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं.
3. नाव घेऊन एकच वाक्य: "आत्ता वही. आपण मधल्या सुट्टीत बोलू."
4. तिथे उभे राहू नका, पुढे चालू लागा. त्याला मान खाली घालायला वेळ लागतो, तो द्या.
5. मधल्या सुट्टीत खरंच बोला. विसरलात तर तुमचा शब्द गेला.
6. दुसऱ्या दिवशी दारात त्याला पहिली हाक मारा.

सहावी पायरी सगळ्यात जास्त चुकते. भांडण मिटलं की नाही हे मुलाला तुमच्या बोलण्यातून कळत नाही, दुसऱ्या सकाळच्या चेहऱ्यावरून कळतं.

*सावध:* एकाने केलं म्हणून वर्गाला शिक्षा नको. 47 मुलं तुमच्या विरुद्ध एक होतात. "तुझी ताई किती हुशार होती" हे वाक्य तर कधीच नको. हात उचलणं आणि मानसिक छळ, दोन्ही शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 खाली बंद आहेत. वर्गासमोर टाकून बोलणं, टोपणनाव ठेवणं, बाहेर उभं करणं यांना आपण "थोडं रागावलो" म्हणतो, पण मुलाच्या हिशेबात तो अपमान असतो.

आणि चूक तुमची असेल तर? एकदा मी फळ्याकडे तोंड असताना मागून हसणं ऐकलं आणि नेहमीच्याच मुलाला उभं केलं. तो काहीच बोलला नाही. तासानंतर पुढच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं की खिडकीतून मांजर आलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन माफी मागितली आणि जमलं असं समजले. जमलं नव्हतं. चूक वर्गासमोर झाली होती, माफी जिन्यात. दुसऱ्या दिवशी हजेरीआधी दोन वाक्यांत पुन्हा मागितली, तेव्हा तो बाकावर नीट टेकून बसला.

टप्पा 6: घरी पहिला फोन, तक्रारीचा नको

शाळेचा नंबर दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून तक्रार करायची वेळ येण्याआधी, तिसऱ्या आठवड्यात, एक साधा फोन करा. 48 जमणार नाहीत. ज्यांच्याविषयी पुढे बोलावं लागेल असं वाटतं त्या दहा-बारा घरांपासून सुरुवात करा.

"नमस्कार, मी शाळेतून वर्गशिक्षिका बोलतेय. तक्रार काही नाही. पावसाचा आकडा रोज बरोबर वाचते ती, एवढंच सांगायचं होतं. तुम्हाला बोलायला कोणती वेळ बरी पडते?"

शेवटचा प्रश्न लिहून ठेवा. आई चार घरची कामं करून दुपारी दोनला मोकळी होते, वडील रात्रपाळी करून सकाळी झोपतात. चुकीच्या वेळी केलेल्या फोनला तुटक उत्तर येतं आणि आपण "पालकांना काही पडलेलंच नाही" म्हणून मोकळे होतो.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच मुलाचं नाव, मार्क किंवा फोटो टाकू नका. चांगल्या कारणासाठीही नको.

रेषा कुठे आखायची

हे थोडक्यात, पण पहिल्या दिवसापासून. मुलांना इन्स्टाग्रामवर जोडून घेऊ नका. रात्री खासगी मेसेज नको. बंद खोलीत एका मुलाशी बोलू नका, दार उघडं ठेवा. आणि "बाई, कोणाला सांगणार नाही ना?" असं विचारलं तर शब्द देऊ नका. म्हणा, "तुला त्रास होत असेल तर मदत करणाऱ्यांना सांगावं लागेल, आणि कोणाला सांगतेय ते मी तुला आधी सांगेन." लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी कळवणं पॉक्सो कायदा 2012 प्रमाणे बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांच्या कानावर घालून तुमची जबाबदारी संपत नाही. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर वर्गाच्या आतल्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा.

पडताळणी, तिसऱ्या आठवड्याचा शेवट

मुलं हसतात का, हे बघू नका. ती कोणाहीसमोर हसतात. हे बघा: तुमची फळ्यावरची चूक कोणी न घाबरता दाखवतं का? "मला कळलं नाही" हे दिवसातून एकदा तरी ऐकू येतं का? बदली तासाला आलेले शिक्षक तुमच्या वर्गाची घडी मुलांकडूनच शिकतात का? आणि बाटली लवंडली तर ज्याच्या हातून लवंडली तोच येऊन सांगतो का?

दोनाला "नाही" आलं तर टप्पा 3 वर परत जा, टप्पा 4 वर नको. घडी बसलेली नसेल तर एकेकट्या गप्पांनी वर्ग सुधारत नाही.

जुलैत नाव दाखल होणारं मूल बहुतेक वेळा हातात दाखला घेऊन, ओल्या बुटांनी, भर तासाला दारात उभं असतं. तास थांबवून त्याची ओळख करून देऊ नका. त्याच्यासाठी एक कोरी चिठ्ठी आणि नावाच्या पाटीचा कागद टेबलाच्या खणात ठेवलेला असू द्या. त्याला शांत मुलाशेजारी बसवा आणि दुसऱ्या सकाळी बाटली वाचायला त्या दोघांना पाठवा.